बालवाडीची बाई आणि घरची बोली



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालाचे आकडे छापले जातात. प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. ती पाहून आपल्या सर्वांची मान उंचावते आणि ते योग्यच आहे. परंतु एक शिक्षक म्हणून मला नेहमी वाटते की, निकाल दहावीत जाहीर होत असला तरी तो बराचसा ठरतो त्याच्या दहा-बारा वर्षे आधी. मूल घराचा उंबरठा ओलांडून पहिल्यांदा शाळेत बसते, तेव्हा त्याच्या समोर उभी असलेली बाई त्याचे बोलणे ऐकून घेते की त्याला गप्प करते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. आज याच विषयावर आपणाशी चार शब्द बोलावयाचे आहेत. सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. मी वरच्या वर्गांना इतिहास शिकवीत होतो. पहिलीच्या बाई रजेवर गेल्यामुळे महिनाभर तो वर्ग माझ्याकडे आला. शाळा मराठी माध्यमाची. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मेरेकू पानी होना." मी सर्वांसमोर तिला म्हणालो, "होना म्हणजे काय? नीट मराठीत सांग." वर्ग हसला. मुलगी खाली बसली. त्या दिवशी तिने पाणी मागितले नाही आणि माझा महिना संपेपर्यंत तिने तोंडही उघडले नाही. मी वहीत तिच्या नावापुढे "अबोल" असा शेरा लिहिला. पुढे तिची आई भेटली. म्हणाली, "सर, घर में तो दिनभर चुप नै बैठती!"

वाचकहो, मला लाज वाटली ती याची की "मेरेकू होना" ही माझ्याही घरची बोली आहे. माझी आई आजही तशीच बोलते. बी.ए. झालो, बी.एड. झालो, पाठाच्या टाचणाच्या वह्या भरल्या. परंतु मुलाची घरची भाषा वर्गात आली तर शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न त्या वर्षभरात मला कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

इतिहासाच्या शिक्षकाची एक सवय असते. अडचण आली की मागे वळून पाहावयाचे. तसे पाहिले तेव्हा कळले की हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, डहाणूच्या किनाऱ्यावर आणि तेथील एका टेकडीवर, दोन स्त्रियांनी शोधून ठेवलेले आहे.

प्राचार्या पुन्हा शिष्या झाल्या

बालशिक्षणाची आधुनिक चळवळ मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषीच्या नावाशी जोडलेली आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. लहान मूल हे रिकामे भांडे नसून ते आपल्या हातांनी व डोळ्यांनी स्वतः शिकत असते, हा त्यांचा सिद्धांत. हिंदुस्थानात तो विचार मुलांच्या जीवनात उतरविला गिजुभाई बधेका यांनी. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांनी मॉन्टेसरीबाईंची साधने घेतली, परंतु त्यांच्या जोडीला काठेवाडातील लोककथा, गाणी आणि खेळ वर्गात आणले. मुले त्यांच्याभोवती अशी गोळा होत की लोक त्यांना "मूछाळी मा", म्हणजे मिशावाली आई, म्हणत.

याच बालमंदिरात १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी स्त्रीने पदवीधर होणे ही मोठीच गोष्ट. भावनगरला येण्यापूर्वी त्या राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. म्हणजे शिक्षिका तयार करण्याचे काम त्या आधीच करीत होत्या. ते मानाचे पद सोडून त्या गिजुभाईंच्या हाताखाली तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. आणि ही मुले कोणत्या भाषेतली? गुजराती. ताराबाईंची मातृभाषा मराठी. त्यांनी गुजराती अशी आत्मसात केली की गिजुभाईंच्या बरोबरीने त्या गुजराती "शिक्षण पत्रिके"चे संपादन करू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यातही त्या होत्या.

मुलाला आपली भाषा शिकविण्यापूर्वी शिक्षिकेने मुलाची भाषा शिकावी, हा धडा ताराबाईंनी पुस्तकात लिहिण्याआधी स्वतः गिरविला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जामियातील "आपाजान"

याच सुमारास दिल्लीत आपल्याला जवळचे असे दुसरे उदाहरण घडत होते. डॉ. झाकिर हुसेन, प्रा. मुहम्मद मुजीब आणि डॉ. आबिद हुसेन हे तिघे तरुण बर्लिनला शिकत असताना त्यांची गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू स्त्रीशी ओळख झाली. जामिया मिल्लिया इस्लामियासाठी हे तिघे करीत असलेल्या त्यागाने त्या भारावल्या आणि १९३३ च्या सुमारास जर्मनी सोडून जामियात आल्या. तेथे त्यांनी लहान मुलांचे काम पत्करले. देश परका, धर्म परका, भाषा परकी. त्यांनी उर्दू शिकून घेतली, मुलांच्या खोड्या आणि आजारपणे सांभाळली, आणि मुले त्यांना "आपाजान" म्हणू लागली. महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून त्यांना इंग्रज सरकारने स्थानबद्धही केले. १९४३ साली त्या वारल्या. जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना दफन करण्यात आले.

पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे स्वतः लहान मुलांसाठी "अब्बू खाँ की बकरी" यासारख्या गोष्टी लिहीत. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे ते अध्यक्ष होते. शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हे त्या योजनेचे एक प्रमुख तत्त्व होते.

बोर्डीचे अंगण

आता आपण डहाणूच्या किनाऱ्याकडे वळू. भावनगरहून ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार ही संस्था उभी केली. बालमंदिराबरोबर तेथे शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिरही चालू झाले. परंतु तेथे येणारी मुले मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाची. खेड्यातल्या मुलाचे काय? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या अखेरीस त्या तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांना साथ देण्यासाठी अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेत कायमच्या नोकरीत होत्या. १९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली. शहरातील नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या.

बोर्डी आणि आसपासचा मुलूख कसा आहे, हे तिकडे गेलेल्यांना ठाऊक असेल. किनाऱ्यावर कोळी-मांगेल्यांची वस्ती. चिकूच्या वाड्या इराणी-पारशी मंडळींच्या. बाजारात मराठी आणि गुजराती दोन्ही. आत डोंगराकडे वारली, धोडी, दुबळा अशा आदिवासींचे पाडे. एका लहानशा टापूत चार-पाच बोली. त्यात १९४५ हे साल वारल्यांच्या उठावाचे. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली हा समाज नुकताच उभा राहत होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने नागविले, त्याचीच शुद्ध भाषा बोलणारी माणसे शाळा घेऊन आली, तर पाड्यावरच्या आईने आपले मूल त्यांच्या हवाली का करावे?

बालवाडी तर निघाली, परंतु ज्यांच्यासाठी काढली त्यांची मुले येईनात. साधारण माणूस म्हणाला असता, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतले एखादे अंगण घ्यावयाचे, तेथे मुलांना गोळा करावयाचे, हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, गाणी म्हणावयाची, गोष्टी सांगावयाच्या. यालाच त्यांनी नाव दिले "अंगणवाडी". २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच मराठी नाव मिळाले आणि ते देशभर गेले.

अंगणात गेल्यावर शिक्षिकेत काय बदल होतो, याचा विचार करा. शाळेच्या खोलीत बाई यजमान असते आणि मूल पाहुणे. अंगणात मूल यजमान असते आणि बाई पाहुणी. पाहुण्याला घरच्या रीतीप्रमाणे वागावे लागते. घरातली माणसे कशी बोलतात, कशाला काय म्हणतात, काय खातात, कशावर हसतात, हे तिला आपोआप शिकावे लागते. ज्या प्रशिक्षणाला आपण वर्ग भरवितो आणि प्रमाणपत्र देतो, त्याचा अर्धा भाग त्या अंगणातच होत होता.

साधनांचेही तसेच. मॉन्टेसरीची लाकडी, घोटीव, महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती आणि ओळखीचीही नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती, बांबूच्या कांड्या आल्या. मोजावयाचे ते शिंपले, लावावयाच्या त्या बिया. किनाऱ्यावरच्या मुलाला शिंपला माहीत असतो, डोंगरातल्या मुलाला बी माहीत असते. तत्त्व रोमचे, वस्तू बोर्डीच्या.

टेकडीवरची विकासवाडी

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. येथे आणखी एक अडचण समोर आली. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मोठा भाऊ येऊ शकत नव्हता, कारण तो गुरांमागे असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. तिला विकासवाडी म्हणत. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. आणि गुराख्यांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले. ती "कुरणशाळा". गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, अशी ही शाळा.

कोसबाडला बालसेविका तयार करण्याचेही काम झाले. तेथे शिकावयास येणारीला पुस्तकातले मूल आणि पाड्यावरचे मूल यांतला फरक रोज डोळ्यांसमोर दिसत असे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, हे काम पुढे नेले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्यांना शिकविता शिकविता अनुताई स्वतः बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी! नापास झालो म्हणून खचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या घरच्या बोली

आपण म्हणाल, हा वारल्यांचा इतिहास झाला. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाची एकच एक भाषा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरात कोकणी बोलली जाते. सोलापूर, पुणे, मराठवाडा येथे दखनी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाच्या मोहल्ल्यांत ज्यांचे वाडवडील उत्तर प्रदेशातून आले, त्यांच्या बोलण्यात तिकडचा पूरबी गोडवा. या सर्व घरांतले मूल उर्दू शाळेत बसले तरी पुस्तकातली उर्दू त्याला नवी असते, आणि मराठी शाळेत बसले तर पुस्तकातली मराठीही नवी असते. म्हणून उर्दू शाळा काढली म्हणजे मातृभाषेचा प्रश्न सुटला असे नाही, आणि मराठी किंवा इंग्रजी शाळेत घातले म्हणजे तो संपला असेही नाही. प्रश्न माध्यमाइतकाच शिक्षिकेच्या कानाचा आहे.

दुसरे असे की, आपण स्वतःच आपल्या बोलीला "बिघडलेली भाषा" म्हणतो. हा इतिहासाचा अपमान आहे. दखनी ही गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांत मानाने नांदलेली भाषा. सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहाने तिच्यात काव्य केले. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने "किताब-ए-नवरस" तिच्यात लिहिली. १६३५ साली मुल्ला वजहीने "सबरस" हा गद्यग्रंथ तिच्यात रचला. दिल्लीच्या शायरांना या भाषेत गझल लिहिण्याची गोडी लागली, त्यात औरंगाबादच्या वलीचा मोठा हात होता. आणि आपण रोज "नक्को" म्हणतो, तो मराठीचा "नको"च नव्हे काय? शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या माणसांनी एकमेकांचे शब्द घेतले, त्याची ही खूण आहे. ज्या "होना"वर मी वर्ग हसविला, त्याच्या मागे एवढा इतिहास उभा होता.

याचा अर्थ मुलाने आयुष्यभर घरच्याच बोलीत राहावे असा मुळीच नाही. त्याला प्रमाण मराठी आली पाहिजे, उर्दू आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. त्यावाचून आज निभाव लागणार नाही. परंतु नदी ओलांडावयाची तर पुलाचे एक टोक या काठावर टेकलेले असावे लागते. घरची बोली हा तो अलीकडचा काठ आहे. तोच खचविला तर पूल उभा राहणार कशावर?

कायदाही हेच सांगतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचे महत्त्व पुन्हा मांडले आहे. परंतु कलमे वर्गात उभी राहत नाहीत. वर्गात बाई उभी राहते. कायदा जर त्या बाईपर्यंत पोचला नाही, तर तो कागदावरच राहील.

आपण काय करावे?

शेवटी काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, बालवर्गाची शिक्षिका निवडताना केवळ पदवी आणि इंग्रजी उच्चार पाहू नयेत. मोहल्ल्यातली बोली तिला समजते का, मुलाजवळ खाली बसून ती बोलू शकते का, हे आधी पाहावे. मोहल्ल्यातल्याच हुशार मुलींना बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करण्यासाठी आपल्या समाजाने मदत करावी. जी भाषा बाहेरच्या शिक्षिकेला वर्षभर शिकावी लागते, ती या मुलीला आईच्या कुशीतच मिळालेली असते.

दुसरी, प्रत्येक नव्या शिक्षिकेने पहिल्या महिन्यात आपल्या वर्गातील मुलांच्या घरी जाऊन यावे. तपासणीसाठी नव्हे, पाहुणी म्हणून. एका वहीत घरातले शब्द लिहून घ्यावेत: पाणी, भूक, भीती, शौचास जाणे, दुखणे यांना प्रत्येक घरात काय म्हणतात. ही वही कोणत्याही टाचणवहीपेक्षा मोलाची ठरेल.

तिसरी, मूल घरच्या बोलीत बोलले तर आधी त्याचे म्हणणे पुरे करावे आणि मग शाळेचा शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. हसू नये आणि हसू देऊ नये. मोजणी शिकविताना घरातल्याच वस्तू घ्याव्यात. शिरखुर्म्यातल्या खारका आणि शेजारच्या घरातून आलेल्या दिवाळीच्या करंज्या, दोन्ही मोजता येतात. वर्गात वेगवेगळ्या घरांची मुले असतील तर सर्वांची घरे वर्गात यावीत.

चौथी सूचना पालकांना. मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. दादी-नानीजवळच्या कहाण्या संपू देऊ नका. "स्कूल में ऐसा मत बोल" म्हणून त्याला घाबरवू नका. ज्याला घरी बोलावयाची लाज वाटू लागते, त्याला शाळेत बोलावयाचे धैर्य येत नाही.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. मोठी झाली असेल. माझ्या वहीतला "अबोल" हा शेरा तिचा नव्हता, तो माझा होता. आजही मधल्या सुट्टीत पहिलीचे एखादे मूल माझ्यासमोर येऊन "मेरेकू पानी होना" म्हणते. मी त्याला आधी पाणी देतो. मग म्हणतो, "मेरेकू भी होना. मराठीत काय म्हणायचं? मला पाणी हवं." ते मूल हसते आणि दोन्ही वाक्ये म्हणून दाखविते.

ताराबाई आणि अनुताईंनी अंगणात बसून जे केले, ते याहून फार मोठे होते. परंतु सुरुवात एवढीच आहे. मूल बोलले की आधी ऐकावयाचे.